दगडावरच्या रेघा

सर दगड चाटायचे.

उगाच काहीतरी धक्कादायक लिहायचं म्हणून लिहीत नाही. खरंच चाटायचे. किनाऱ्यावर वाकायचे, हातोडीने एक टवका उडवायचे, तो पँटला पुसायचे आणि जीभ लावायचे. दगड ओला झाला की त्यातले कण नीट दिसतात, हे कारण. मग पाणी वापरा ना, खांद्याला बाटली कशासाठी लटकवलीये! पण नाही. बाटलीतलं पाणी पिण्यासाठी असतं, असं त्यांचं म्हणणं. जीभ लावून झाली की डोळ्याला भिंग, आणि मग ठरलेला प्रश्न. "जागचा आहे का?"

म्हणजे हा तुकडा मूळ खडकाचा काढलास, की कुठूनतरी घरंगळत आलेला उचललास? आमच्या भूगर्भशास्त्रात हा प्रश्न पहिला, हे मान्य. पण सर तो कशालाही लावायचे. पेढा दिला तर जागचा आहे का, म्हणजे घरी केलाय की दुकानातून आणलाय. वर्गात नवी मुलगी आली तर जागची का, म्हणजे बोरिवलीचीच का. माझ्या भावाच्या लग्नात त्यांनी नवरीकडे बघत माझ्या आईला हेच विचारलं. आईला वाटलं, हा माणूस मुलीच्या घराण्याबद्दल काहीतरी सुचवतोय. तिची समजूत घालताना माझ्या नाकी नऊ आले, आणि सर पंगतीत निवांत जिलबी खात होते.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. दिसला की रस्ता बदलावासा वाटतो, आणि त्याच्याचकडे आपलं काम अडकलेलं असतं. माझं काम म्हणजे एक सही होती.

मी चारकोपची. बाबांची गिरणी बंद पडली, मग त्यांनी सोसायट्यांच्या गेटवर बसून आम्हा दोघा भावंडांना शिकवलं. मी उपनगरातल्या एका कॉलेजात तासांवर शिकवत होते. तासांवर म्हणजे जितके तास तितका पगार, आणि सुट्टी लागली की हवा खा. आमच्या विभागात माणसं दोनच. सर विभागप्रमुख, आणि उरलेला सगळा विभाग मी. सर निवृत्त झाले की त्यांची कायमची जागा रिकामी होणार होती, पण तिला पीएचडी लागायची. पीएचडीला सरांची सही लागायची, कारण माझे गाईडही तेच. आणि ती सही ते निवृत्त होण्याआधी हवी. नंतर गाईड बदला, नवे अर्ज करा, समित्यांच्या तारखा धरा, तोवर जागा दुसऱ्या कोणीतरी पटकावलेली. हे सरांना ठाऊक नव्हतं असं नाही. मी त्यांना दर आठवड्याला सांगत होते.

आता भांडण काय होतं ते सांगते. फार अवघड नाही.

गोराईच्या खाडीपलीकडे किनाऱ्याच्या एका टोकाला दोन दगड भेटतात. एक काळा, आपल्या सह्याद्रीचा असतो तसला. दुसरा फिकट पिवळा. दोघांच्या मध्ये सरळ रेष. इतकी सरळ की एक पाय काळ्यावर आणि एक पिवळ्यावर ठेवून उभं राहता येतं. प्रश्न एवढाच, की हा पिवळा इथे आला कुठून?

सर म्हणायचे, ही रेष म्हणजे फॉल्ट. जमीन इथे फाटली, एक बाजू घसरली, आणि दुसरीकडे कुठेतरी तयार झालेला पिवळा दगड सरकत सरकत काळ्याच्या शेजारी येऊन बसला. सरांचे एक वर्गमित्र मुलुंडच्या कॉलेजात होते. ते म्हणायचे, फॉल्ट-बिल्ट काही नाही. पिवळा रस इथेच खालून, काळ्याला फोडून वर आला आणि इथेच थिजला. तो कुठून आलेला नाही, इथलाच आहे. या एका गोष्टीवरून पंचवीस-तीस वर्षं दोघांचं हाडवैर. तरुणपणी दोघं एका खोलीत राहायचे, एका डब्यात जेवायचे म्हणे. माझ्या वेळेपर्यंत परिसंवादात चहाच्या टेबलाच्या दोन टोकांना उभे राहायचे आणि आमचे सर मधल्या माणसाला सांगायचे, "त्याला विचारा, रेघांचं काय?"

रेघा हा सरांचा हुकमी पत्ता. दोन दगड जिथे भेटतात तिथे वरच्या अंगाला खडकाची एक सपाट, गुळगुळीत पाठ होती आणि तिच्यावर लांबच लांब रेघा होत्या. घासून पडलेल्या, सगळ्या एका दिशेने. फॉल्टवर एक खडक दुसऱ्यावर घासत सरकतो तेव्हा अशा रेघा पडतात, हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. सरांनी ऐन तिशीत त्या शोधल्या, त्यांची दिशा मोजली, त्यावर लेख लिहिला. मुलुंडच्या सरांकडे त्या रेघांना उत्तर नव्हतं. ते म्हणायचे, "असतील कशाच्या तरी." यावर सर इतके मनापासून हसायचे की मलाही मुलुंडच्या सरांची कीव यायची.

मग सरांनी हा वाद कायमचा मिटवायचं ठरवलं आणि तो माझ्या गळ्यात बांधला. माझ्या पीएचडीचा विषय, ती रेष. सरांना खात्री होती की मी त्यांचा फॉल्ट सिद्ध करणार. मला खात्री होती की तीन वर्षांत सुटेन. दोघांचीही वाट लागली.

सरांच्या शर्टच्या खिशात भरती-ओहोटीचं छोटं कॅलेंडर असायचं. त्यात फक्त ओहोटीच्या वेळांखाली लाल रेघ. ओहोटीला पाणी मागे जातं, खडक उघडा पडतो, म्हणून जायचं ते ओहोटीला. मग ती पहाटे असो की भर दुपारी. फोन यायचा. "आज चांगली आहे. ये." नमस्कार नाही, चमत्कार नाही. रविवारी, दिवाळीच्या सुट्टीत, माझ्या चुलत बहिणीच्या केळवणाच्या दिवशी. मी चारकोपहून खाडीच्या धक्क्यावर पोचायचे तर सर आधीच फेरीबोटीच्या रांगेत, डोक्याला पंचा गुंडाळून, चपलेत. बूट घाला सर, शिंपले लागतील, सांगून माझं तोंड दुखलं. शिंपले लागायचे, रक्त यायचं, आणि मलमपट्टी माझ्या पर्समधून निघायची.

एकदा त्यांच्या लाडक्या रेघांवर एक जोडपं बसलं होतं. सर थेट त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "जरा उठता का? तुम्ही माझ्या फॉल्टवर बसलाय." मुलगा आधी घाबरला, मग त्याच्या लक्षात आलं की हे प्रकरण पोलिसातलं नाही. तो म्हणाला, "अंकल, दुसरीकडे फॉल्ट नाहीये का?" सरांना तो प्रश्न फार आवडला. दुसरीकडे कुठे कुठे आहे ते त्यांनी त्या दोघांना वाळूत काढून दाखवलं. बिचारे ऐकत राहिले. मी लांब जाऊन उभी राहिले, मी यांच्याबरोबर नाही अशा चेहऱ्याने.

सरांच्या बायकोचे, काकूंचे हाल माझ्याहून वाईट. किनाऱ्यावरचे दगड खारे असतात, ते गोड्या पाण्यात दिवसच्या दिवस भिजवावे लागतात. सर ते स्वयंपाकघरात भिजत घालायचे, ओट्यावर, चवळीच्या शेजारी. काकू मला चहा देताना शांतपणे म्हणाल्या होत्या, "गेल्या आठवड्यात कुकर लावला, शिट्ट्या झाल्या, उघडला, तर आत तुझी पीएचडी."

दगड उचलून, कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली बघून मला जे दिसलं ते सरांच्या सोयीचं नव्हतं. पिवळ्या दगडाच्या पोटात काळ्याचे तुकडे अडकलेले होते. रेषेला लागून असलेली काळ्याची कड भाजलेली होती, तव्यावर भाकरीची कड भाजावी तशी. म्हणजे पिवळा आला तेव्हा तापलेला होता, पातळ होता, आणि तो काळ्याला फोडून आला. मुलुंडचे सर बरोबर होते. मी स्लाइड घेऊन सरांपुढे गेले. सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो बराच वेळ काढला नाही. मग म्हणाले, "स्लाइड छान झालीये. आणि रेघांचं काय?"

झालं. तिथून पुढे मी कुठलंही प्रकरण लिहून दिलं की त्याच्या समासात लाल शाईने, रेघांचं काय? मी लिहिलं, लाटांनी पडल्या असतील. सर म्हणाले, "लाट काय पट्टी घेऊन येते?" मी लिहिलं, वाळूने घासून पडल्या असतील. सर म्हणाले, मग वाळू बाकीच्या खडकावर का रुसली? मी लिहिलं, कारण अज्ञात. त्यावर त्यांनी काहीच लिहिलं नाही, नुसतं पान दुमडून परत दिलं. जळफळाट व्हायचा माझा. प्रश्न चुकीचा असता तर भांडले असते. प्रश्न बरोबर होता, हाच तर वैताग होता.

घरी आई रोज विचारायची, झाली का सही? नाही म्हटलं की तिचा एक नवा उपाय. त्यांना घरच्या आंब्याची पेटी दे. त्यांच्या बायकोला भेट. गणपतीला सांग. बाबा कॉलेजच्या जागेची जाहिरात कुठे आलीये का ते पेपरात बघायचे, आणि मी आले की पान उलटायचे. त्याचा मला जास्त त्रास व्हायचा.

सरांच्या निवृत्तीला दोन-अडीच महिने राहिले आणि एक दिवस माझा तोल सुटला. विभागात दोघंच होतो. मी म्हटलं, "सर, तुमचं चुकलेलं तुम्हाला बघवत नाही, म्हणून तुम्ही माझी सही अडवून ठेवलीये."

सरांनी हातातला दगड खाली ठेवला. विचार केला. खरंच विचार केला, मला दिसत होतं. मग म्हणाले, "शक्य आहे. पण रेघांचं काय?"

आता अशा माणसाचं काय करायचं सांगा!

त्यानंतर मेच्या शेवटी कणकवलीहून माझी मावशी आणि तिची माणसं आली. त्यांना समुद्र बघायचा होता. कोकणातल्या माणसांनी मुंबईत येऊन समुद्र बघायचा, पण पाहुण्यांशी कोण वाद घालणार? मला दुसरा कुठला किनारा धड माहीतच नव्हता, म्हणून त्यांना गोराईला नेलं. भरती-ओहोटी बघून नाही. पाहुण्यांची अंघोळ, नाश्ता, साड्या आटपतील तेव्हा. पोचलो तर उधाणाची भरती. माझा सगळा अभ्यास पाण्याखाली. मावशी मला म्हणाली, "ह्या बघूक तू इतकी वर्सां येतंस?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात खडकाकडून आरोळी ऐकू आली.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, म्हणून त्याआधी गावातले लोक होड्या वर ओढून ठेवतात. उधाणाच्या भरतीलाच ओढतात, कारण तेव्हा होडी पाण्यावर तरंगत जास्तीत जास्त आत येते. पंधरा-वीस जण दोराला लागले होते, एक जण आरोळी देत होता. आणि होडी रेतीत रुतू नये म्हणून ते तिला कशावरून ओढत होते? खडकाच्या सपाट पाठीवरून. माझ्या रेषेच्या वरच्या अंगाला. सरांच्या फॉल्टवरून. होडीच्या तळाला लोखंडी पट्टी ठोकलेली होती. ती दगडावरून करकरत गेली आणि मागे एक लांब, सरळ, ताजी रेघ ठेवून गेली. सगळ्या रेघांची दिशा एकच, म्हणून सर मिरवायचे. एकच असणार! पाण्यातून गावाकडे.

मी मटकन वाळूत बसले. मावशीला वाटलं मला ऊन लागलं.

आम्ही इतकी वर्षं तिथे जात होतो. सर तर माझ्या जन्माआधीपासून. पण गेलो ते ओहोटीला, आणि गेलो ते ऊन सोसवेल तेव्हा, हिवाळ्यात. ओहोटीला होड्या येत नाहीत. हिवाळ्यात त्या वर ओढत नाहीत. दगड बघायला जाणारी माणसं समुद्र नसताना जातात. दुसऱ्या कोणाचीही ही चूक झाली नसती, ती आमचीच व्हायची होती.

पाहुण्यांना घरी सोडून मी तशीच बोरिवलीला सरांच्या घरी गेले. रिक्षात मनात उकळ्या फुटत होत्या, सुटले, सुटले. दारात पोचले आणि सर सदऱ्यावर पेपर वाचत बसलेले दिसले, तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की मी काय सांगायला आलेय. तरी सांगितलंच.

"भरतीला गेली होतीस?" सर म्हणाले. "भरतीला तिथे काय दिसणार?"

"होड्या दिसतात, सर."

मी सगळं सांगितलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांना दगडातलं काही कळत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा कळत होता. सर उठून गॅलरीत गेले. तिथे त्यांच्या रेघांचा एक तुकडा वर्षानुवर्षं काचेखाली ठेवलेला होता. तो त्यांनी बाहेर काढला, हातात धरून उभे राहिले. माझ्या मनात आलं, आता म्हणतील, होडीचं आणखी तपासावं लागेल, वर्षभर. मी मुठी आवळून उभी होते.

"उद्या भरती कधी आहे?" त्यांनी विचारलं. त्यांच्या कॅलेंडरात लाल रेघा फक्त ओहोटीच्या होत्या, त्यामुळे बघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. उरलेल्या होड्या ओढायचं काम चालूच होतं. सर अगदी खडकाला खेटून उभे राहिले, त्यांना जवळून बघायचं होतं. दोरावरचा एक माणूस ओरडला, "ओ काका, बाजूला व्हा, नाहीतर हात लावा." सर बाजूला झाले नाहीत. त्यांनी पंचा कमरेला बांधला आणि दोराला लागले. या वयात, चपलेत. मी ओरडत होते, सर, कंबर धरेल. कोण ऐकतंय! आरोळीबरोबर तेही ओढत होते, आणि होडी त्यांच्या फॉल्टवरून करकरत वर आली.

होडी गेल्यावर ते वाकले. धापा टाकत होते. भिंग काढलं आणि ताजी रेघ आणि शेजारची जुनी रेघ, दोन्ही बघितल्या. "दिशा?" म्हणाले. मी होकायंत्र लावलं. तीच होती. "लिहून घे," म्हणाले. परतीच्या फेरीबोटीत ते पाण्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. त्या माणसाचा मला इतका राग यायचा, आणि त्या दिवशी मला त्यांच्यासाठी खूप वाईट वाटत होतं. ते वाईट वाटणं मला सहन होईना, म्हणून मी त्यांच्या अंगठ्याला पट्टी लावत बसले.

मग मी झपाटल्यासारखी लिहीत सुटले. रेघांचं प्रकरण आठवड्यात झालं. पूर्ण प्रबंध घेऊन मी विभागात गेले तेव्हा सरांचा निवृत्तीचा महिना संपत आला होता, कपाटं आवरून झाली होती. सर शेवटपर्यंत वाचत गेले. सगळं ठीक. पेन उघडलं. आणि एका पानावर परत गेले.

प्रबंध इंग्रजीत आहे, पण ते वाक्य मराठीत साधारण असं होतं, की या रेघा पूर्वीच्या काही अभ्यासकांनी भ्रंशाच्या, म्हणजे फॉल्टच्या, मानल्या होत्या.

"हे काही अभ्यासक कोण?"

मी पान उलटायला हात पुढे केला.

"एकच होता ना? मग त्याचं नाव घाल."

मी म्हटलं, सर, नको. त्यांनी पेनाला टोपण लावलं. बघा! इतक्या वर्षांनी सही अर्ध्या इंचावर आली होती आणि हा माणूस टोपण लावत होता. मी हात जोडले, समजावलं. म्हटलं, तुमच्या हाताखाली शिकून तुमचंच नाव मी चुकीखाली कसं घालू, लोक काय म्हणतील, मुलुंडचे सरच परीक्षक म्हणून येणार आहेत, ते काय म्हणतील. तुमचा निरोप समारंभ परवा आहे हो!

"ती चूक करायला माझा जन्म गेला," सर म्हणाले. "ती तू काही अभ्यासकांना का वाटतेस? उद्या कोणीतरी पुन्हा तिथे जाईल, रेघा बघेल, फॉल्ट म्हणेल. त्याला कळायला नको, कोण फसला, कसा फसला? ओहोटीला गेलो म्हणून फसलो, तेही लिही. नाव घाल आणि आण. मी इथेच बसलोय."

मी दार आपटून बाहेर पडले. स्टेशनसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले, तिथेच प्रबंध छापून घेतला होता. त्याला म्हटलं, एक पान बदलायचंय. तो म्हणाला, बोला मॅडम, काय टाकू. मी त्याला उठवलं आणि स्वतः टाइप केलं. सरांचं पूर्ण नाव, आडनावासकट. आणि पुढे, ते चूक होते, कारण ते फक्त ओहोटीला गेले. तिथे गर्दीत उभी राहून मी रडले. दुःखाने रडले की रागाने, मला आजही सांगता येणार नाही. झेरॉक्सवाल्याने त्या पानाचे पैसे घेतले नाहीत.

सरांनी ते वाक्य वाचलं, मान डोलावली आणि सही केली. म्हणाले, "आता बरोबर झालं." जणू स्पेलिंग सुधारलं होतं.

त्या प्रबंधात त्यांचं नाव आहे. इथे मी ते देत नाही. इथे तरी माझं चालू द्या.

परीक्षेला मुलुंडचे सर आले. मला वाटलं होतं, पेढे घेऊन येतील. त्यांनी बाकी सगळ्यावर मला पिळून काढलं, पण ते पान आलं तेव्हा चष्मा काढून पुसत बसले. बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे छापून काढायची काय गरज होती त्याला? मी कुठे मागितलं होतं?" त्यांना राग आला होता. खरोखरीचा राग. जिंकलेल्या माणसाचा तसा चेहरा मी पहिल्यांदाच बघितला.

मला जागा मिळाली. आईने पेढे वाटले, सरांनी माझ्या हातातून पेढा घेतला आणि जागचा आहे का ते विचारलं. पुढे दीड-दोन वर्षं सर अधूनमधून फोन करायचे. मागच्या हिवाळ्यात गेले. झोपेतच. काकूंनी मला फोन केला तेव्हा ओट्यावर दगड भिजत होते, त्यांनी ते फेकले नाहीत. मी ते नेऊन विभागात ठेवले, नंबर घालून.

महिन्याभराने मुलुंडच्या सरांचा फोन. मला तिथे घेऊन चल, म्हणाले. मी म्हटलं, ओहोटी बघून सांगते.

गेलो. त्यांचे गुडघे दुखतात, दंडाला धरून त्यांना रेषेपर्यंत नेलं. ते खडकावर बसले. बराच वेळ बघत होते.

"पिवळा खालूनच आलाय," म्हणाले.

"हो, सर."

"कड भाजलीये बघ. स्वच्छ दिसतंय."

"हो, सर."

"आणि रेघा होडीच्या."

"हो, सर."

ते एकदम वैतागले. "सारखं काय हो सर, हो सर लावलंयस गं? इतक्या लांबून आलोय मी." मग काठीने पिवळ्या दगडावर टकटक करत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू तरी म्हण ना, फॉल्ट आहे म्हणून."

वारा सुटला होता. दूर कोणीतरी जाळं वाळत घालत होतं. मी म्हटलं, "फॉल्टच आहे, सर. पिवळा घसरून आलाय."

"काय?" म्हातारा काठी टेकून उभाच राहिला. "कुठाय फॉल्ट? दाखव. मला बोट ठेवून दाखव."

मी बोट ठेवून दाखवलं. ते उखडले. मी रेष किती सरळ आहे ते सांगितलं, ते म्हणाले, सरळ असली म्हणजे फॉल्ट होते का, अक्कल गहाण टाकलीस काय. मी कडेच्या भाजलेपणावर शंका घेतली, ते आणखी उखडले. त्यांचा आवाज चढला, माझा चढला. सरांचे सगळे मुद्दे मला पाठ होते, ओळीने. त्यातला एकही मला पटत नव्हता. पाणी आमच्या पायांपर्यंत येईस्तोवर मी एकही सोडला नाही.